बोटाच्या चिमट्याची कुळकथा

कोविडच्या साथीत, सप्टेंबर 2020 मध्ये, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर बोटाला लावायचा एक छोटा चिमटा पोचला. पल्स ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा. तोवर तो बहुतेकांनी पाहिला असलाच तर दवाखान्यात. त्याचं खरं घर म्हणजे ऑपरेशन थिएटर.

भूल दिलेला माणूस ‘मला दम लागतोय’ असं सांगू शकत नाही. पूर्वी भूलतज्ज्ञ त्याचे ओठ आणि नखं निळी पडतात का, ते बघत. पण 1947 साली अमेरिकेत कॉमरो आणि बोटेल्हो यांनी नजरेची ही परीक्षा घेतली, तेव्हा रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, 80 टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत अनेकांना निळेपणा कळलाच नाही. सावळ्या कातडीवर तो ओळखणं त्याहून अवघड.

यावरचा उपाय सापडला तो जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीतले ताकुओ आओयागी यांना; ते खरं तर दुसऱ्याच कामात होते. रक्तात रंगद्रव्य सोडायचं, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवायचा आणि हृदय किती रक्त फेकतं ते मोजायचं. नाडीच्या ठोक्यांनी आलेख सारखा हलायचा. ते हलणं थोपवायला त्यांनी तांबड्या प्रकाशाच्या जोडीला अवरक्त प्रकाश घेतला. ठोके पुसले गेले. पण ऑक्सिजन घटला की पुन्हा उमटायचे. या त्रासातच उत्तर आहे, हे त्यांनी हेरलं. ठोक्यागणिक बदलतं ते धमनीतलं रक्त; म्हणजे दोन्ही प्रकाशांतल्या त्या बदलाचं गुणोत्तर काढलं की सुई न टोचता ऑक्सिजन कळतो. 1974 मध्ये त्यांनी हे मांडलं. मला या साऱ्या कथेत हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो.

पुढे अमेरिकेत भूलतज्ज्ञ विल्यम न्यू यांच्या नेलकॉर कंपनीने यंत्राला आवाज दिला. सॅच्युरेशन पडू लागलं की ‘बीप’चा सूर खाली उतरतो. पडद्याकडे पाठ असली तरी भूलतज्ज्ञाचा हात थबकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या शस्त्रक्रिया-तपासणी यादीत तर भूल देण्याआधीच विचारलं जातं : ऑक्सिमीटर लावलाय का, चालू आहे का?

आओयागी एप्रिल 2020 मध्ये गेले, जग हा चिमटा शोधत होतं तेव्हाच.

घरी तो लावाल तेव्हा नेलपॉलिश पुसा, भाताच्या खाचरातून आलेले गार हात आधी चोळून उबदार करा. सावळ्या कातडीवर आकडा कधी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून माणसाला धाप लागली असेल, तर आकडा बरा दिसला तरी दवाखाना गाठा.