कुस्करा, ताक आणि द्राक्षाचा मणी

नाशिक जिल्ह्यातलं कुत्रं काय खात आलं, हे त्या त्या गावच्या चुलीवरून कळतं. निफाड, येवला, सिन्नर, मालेगाव हा बाजरीचा पट्टा, म्हणून तिकडचं कुत्रं बाजरीच्या भाकरीवर वाढलं. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबक या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात नागली, वरई आणि भात. तिथल्या कुत्र्याला नागलीची भाकर आणि पेज मिळाली. माझा जन्म निफाड तालुक्यातला. वडील, म्हणजे दादा, गुरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होते आणि आम्ही दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दवाखाना गाई-बैलांचा आणि शेळ्यांचा. कुत्र्याचं पिल्लू घेऊन कोणी आलंच तर ते एखादं शाळकरी पोरच असायचं. तक्रारही ठरलेली : ‘दादा, याला हगवण लागलीय. काहीच खात नाही.’

दादा आधी पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायचे. ती तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी आटलंय असं समजायचं. मग ओठ वर करून हिरड्या बघायच्या, पांढऱ्या आहेत की गुलाबी. मग पोट. बरगड्या दिसताहेत आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं फुगलंय, म्हणजे जंत. एवढं झालं की पोराला विचारायचे, ‘काल काय घातलंस?’ उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं : दूध.

पिल्लाला वाटीभर दूध पाजणं आपल्याकडे पुण्याचं मानतात. पोटं बिघडण्याचं ते जुनं कारण आहे. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतात आणि दुधातली साखर मात्र कमी. गाईच्या दुधात ती साखर पावणेपाच टक्क्यांच्या घरात असते. आईचं अंगावरचं पिणं सुटत चाललं की ही साखर पचवण्याची पिल्लाची ताकदही कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते आणि पिल्लू पातळ हगायला लागतं. दादा म्हणायचे, ‘दूध बंद कर, ताक दे.’ ताकात त्या साखरेचा काही भाग विरजणानंच खाल्लेला असतो आणि वर घातलेल्या पाण्यानं उरलेलीही विरळ होते. दादांना हे असं समजावून सांगता आलं नसतं, पण त्याचा गुण येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आजीचा कुस्करा मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. सकाळची भाकर दुपारी कडक झाली की ती काठवटीत हातानं कुस्करायची, गुठळी म्हणून राहू द्यायची नाही. त्यावर पातळ ताक, बिनमिठाचं. झाकून ठेवायचं आणि बाजरी फुगून मऊ झाली की बोटानं थोडं पिल्लाच्या ओठाला लावायचं. ते चाटलं की पुढचं. पोट फारच बिघडलेलं असेल तर बाजरी नाही. जुन्या तांदळाचा मऊ भात किंवा त्याची पेज, तीही थोडी थोडी.

भाकरीवर कुत्रं जगतं ही नुसती गरिबाची सोय नव्हे, त्याच्या रक्तातच तशी तयारी आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्याहून कितीतरी जास्त निघाल्या. माणूस शेती करायला लागला आणि त्याच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचं पोटही बदललं. तरीही वाढत्या पिल्लाला नुसती भाकर पुरत नाही. पूर्वी ती कसर गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरानं, हाडांनी आणि उंदीर-घुशींनी भरून निघायची.

कुत्र्याला घास देणं हा आपल्याकडे धर्माचाही भाग होता. वैश्वदेवात श्याम आणि शबल या यमाच्या दोन कुत्र्यांच्या नावानं अन्न काढून ठेवतात. नाशिक तर श्राद्धाचं गाव. रामकुंडावर पिंडदान झालं की घरी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास निघतो. मालेगावजवळच्या चंदनपुरीला बाणाई आणि खंडोबाचं ठाणं आहे. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं मानतात, त्यांच्या भिक्षापात्राला कोटंबा म्हणतात. ज्या मुलखात माणूस देवापुढे कुत्रं होऊन जेवतो, तिथे दारच्या कुत्र्याला उपाशी ठेवणं कोणाला रुचलं नसेल. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो. त्या पानावरची खीर सोडली तर कुत्र्याला त्यातलं काही बाधण्यासारखं नव्हतं.

या रीतीत उणीव होती ती वेळेची. घास निघायचा माणसांची जेवणं झाल्यावर, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. मोठ्या कुत्र्याला ते चालून जातं. दोन महिन्यांच्या पिल्लाचं पोट इवलंसं असतं आणि भूक मोठी. दिवसभर उपाशी राहून ते संध्याकाळी पोटाला तडस लागेपर्यंत खातं आणि रात्री ओकतं. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा, हे वेळापत्रक आपल्या खेड्यांत कोणी पाळत नव्हतं. जंतांचंही तेच. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात उतरतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या पिल्लालाही औषध द्यावं लागतं आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला. दादा पिपराझिन द्यायचे; पण पोरं पिल्लू आणायची ते पोट फुगल्यावरच.

मग आला पार्वो. हा विषाणू १९७८ च्या आधी कोणाला माहीत नव्हता. त्या वर्षी तो अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात जवळपास एकदमच पसरला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही त्याच्या नोंदी झाल्या. पिल्लू ओकतं, रक्ताची हगवण लागते, त्या घाणीला वेगळाच उग्र वास येतो आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. लोक त्याला ‘गॅस्ट्रो’ म्हणू लागले, अजूनही म्हणतात. ताकाच्या कुस्कऱ्याला ज्याची पिढ्यान्‌पिढ्या सवय होती तो हा आजार नव्हता. विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. घरातली बहुतेक साधी जंतुनाशकं त्याला मारत नाहीत, ब्लीच मारतं. एका ओट्याखालची पिल्लं गेली की पुढच्या वर्षी त्याच ओट्याखाली व्यालेल्या कुत्रीची पिल्लंही जायची. लोक जागेला दोष द्यायचे, बाहेरचं काही आहे म्हणायचे. दोष जागेचाच होता, फक्त तो मातीत होता. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत टप्प्याटप्प्यानं द्यायची लस आज तालुक्याच्या गावी मिळते. माझ्या लहानपणी ती आमच्यापर्यंत पोचलेली नव्हती.

उपचारही बदलत गेले. ओकणाऱ्या पिल्लाला पूर्ण दिवस उपाशी ठेवा, असं जुने डॉक्टर सांगत. २००३ साली दक्षिण आफ्रिकेत पार्वो झालेल्या ३० पिल्लांवर अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दिवसापासून नळीनं थोडं थोडं अन्न दिलं, तर ती उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सावरली. लहान पिल्लाला उपास सोसतही नाही, त्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. म्हणून साध्या हगवणीतही पेज बंद करायची नाही. पिल्लू ओकत असेल, मलूल झालं असेल किंवा हगवणीत रक्त दिसत असेल, तर घरगुती काही करत न बसता त्याला सलाईनसाठी दवाखान्यात न्यायचं.

पण नाशिकचं म्हणून जे दुखणं आहे, ते आपल्या शेतातच पिकतं. ओझरला १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षं लावली आणि पुढे सगळा निफाड आणि दिंडोरी बागांखाली गेला. लासलगावची बाजार समिती १९४७ ची, कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचं नाव आहे. ही दोन्ही पिकं कुत्र्याला विष आहेत. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, ही गोष्ट १९३० सालीच अमेरिकेत छापून आली होती. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरतो; दोन किलोच्या पिल्लाला अर्धा छोटा कांदासुद्धा जड जाईल. शिजवूनही त्याचा दोष जात नाही. म्हणजे मिसळीचा उरलेला रस्सा, वाटणाची भाजी, भज्यांचा चुरा, जे आज नाशिकच्या टपऱ्यांमागे पिल्लांपुढे प्रेमानं टाकतात, ते आजीच्या कुस्कऱ्याहून कितीतरी घातक आहे.

द्राक्षाचं तर फार उशिरा कळलं. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, याकडे अमेरिकेतल्या पशुवैद्यांचं लक्ष २००१ च्या सुमारास गेलं, आणि त्यामागे टार्टरिक आम्ल असावं हा अंदाज २०२१ साली मांडला गेला. किती मणी खाल्ले तर चालतील याचा सुरक्षित आकडाच नाही. आता पंचांग जुळवून पाहा. आपल्याकडच्या गावकुत्र्या पावसाळ्याअखेर माजावर येतात आणि थंडीत वितात. ती पिल्लं आईपासून सुटून स्वतः शोधून खायला लागतात जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन द्राक्षाच्या तोडणीत. मंडपाखाली गळालेले गोड मणी त्यांच्या तोंडाच्या उंचीवर असतात. बागेत पिल्लू ओकलं, सुस्त पडलं, लघवी बंद झाली की ‘काहीतरी चावलं’ म्हणून सोडून देतात.

म्हणून हंगाम लागला की मी माहेरच्या बाजूच्या बागांमध्ये जाते आणि तोडणीला आलेल्या पेठ-सुरगाण्याच्या बायकांशी बोलते. पिल्लांवर जीव त्यांचाच असतो, आणि त्यांच्याकडे नागलीची भाकर असतेच. एका बागेत आता गळालेले मणी रोज संध्याकाळी झाडून पाटीत भरतात आणि खड्ड्यात पुरतात. पिल्लांचा कुस्करा पॅकिंग शेडच्या मागे, मंडपापासून लांब ठेवतात : सकाळी कामाला लागताना, दुपारच्या सुट्टीत, चहाच्या वेळी आणि रात्री चूल विझवण्याआधी. बागवाल्यानं यंदा जंताचं औषध आणून दिलंय. लसीसाठी त्यानं पशुवैद्याला बागेतच बोलावलं, तेव्हा शेजारच्या दोन बागांतली पिल्लंही टोपल्यांत घालून आणली होती.