फोकस, बत्ती आणि डिप्पर

‘फोकस फार वर मारतोय, जरा खाली घ्या,’ हे वाक्य मोटारसायकलच्या कुठल्याही गॅरेजात कानी पडते. यातला फोकस म्हणजे कधी अख्खा हेडलाइट, कधी त्याचा झोत, कधी नुसता चकचकीत वाटोळा रिफ्लेक्टर. शब्द इतका सैलसर वापरतात की त्याचे कूळ विचारावेसे कोणाला वाटत नसावे. कूळ मात्र अगदी घरगुती आहे. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल, घरातले अग्निस्थान. इटालियन ‘फ्वोको’, स्पॅनिश ‘फ्वेगो’, फ्रेंच ‘फ’ हे विस्तवाचे शब्द याच चुलीतून निघाले. १६०४ साली योहान्नेस केप्लरने प्रकाशविद्येवरच्या ग्रंथात शांकवांच्या त्या खास बिंदूला हे नाव दिले. आरशाने गोळा केलेली उन्हे जिथे एकवटून जाळतात ती जागा त्याच्या डोळ्यांपुढे असावी. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तिची ‘नाभी’ केली. नाभी म्हणजे चाकाचा तुंबाही, तेव्हा वाहनाला नाव शोभते. पण विस्तव तेवढा हरवला.

आणि इथे विस्तव हरवून चालत नाही. हेडलाइटचा रिफ्लेक्टर साधारण अन्वस्ताच्या आकाराचा. त्याच्या नाभीवर ठिणगी ठेवली की किरण समांतर होऊन लांब जातात. एच-फोर जातीच्या ६०/५५ वॅटच्या बल्बमध्ये दोन तारा असतात: अप्परची तार नाभीपाशी, डिप्परची थोडी पुढे, आणि तिच्याखाली इवलीशी पत्र्याची वाटी, वर चढणारा उजेड अडवायला. म्हणजे सगळा खेळ मिलिमीटरांचा. त्याच जागी एलईडीचा तयार बल्ब बसवला आणि त्याच्या टिकल्या मूळ तारेच्या जागेवर आल्या नाहीत, तर उजेड वाढतो, रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. दिपणे हे क्रियापदही ‘दीप्’ धातूचेच. दीपक, दीवअ, दिवा या वाटेने आलेल्या दिव्याचे सख्खे भावंड.

खोक्यावर मात्र लुमेनचा आकडा ठसठशीत छापलेला असतो. लुमेन म्हणजे चहूकडे सांडणारा एकूण उजेड. एका दिशेला तो किती तीव्र आहे, हे सांगणारे माप कँडेला, आणि रात्रीच्या घाटात उपयोगी पडते ते हेच. कँडेला म्हणजे लॅटिनमधली मेणबत्ती. ग्रीकांनी ती उचलली, अरबीत तिचा ‘किंदील’ झाला आणि फारसीच्या संगतीने आपल्या ओसरीवर ‘कंदील’ टांगला गेला. लॅटिनमधला चकाकण्याचा जो धातू तिच्या मुळाशी आहे, त्याचा संस्कृत जुळा ‘चंद्र’ या शब्दात दिसतो. कंदील आणि चंद्र असे दूरचे चुलतभाऊ निघतात. फानूस हाही ग्रीकमधून अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. त्याचे मूळ आपल्या ‘भा’ धातूला, म्हणजे प्रभा-आभा यांना जाऊन मिळते. ‘झोत’ या शब्दाने मात्र मला चकवले आहे. विद्युतची वीज होते, अद्यचे आज होते, तसा ‘द्योत’चा ‘जोत’ होणे सरळ आहे. पण ‘झ’ कुठून आला? हा शब्द निव्वळ अनुकरणवाचकही असू शकेल.

बत्तीचे प्रकरण जास्त रंगतदार. संस्कृत ‘वर्ति’ ही ‘वृत्’ म्हणजे फिरणे, वळणे या धातूवरून आलेली दिसते. कापूस पिळून वळायचा म्हणून असावे. प्राकृत ‘वत्ति’ होऊन मराठीत तिची रीतसर ‘वात’ झाली. ‘बत्ती’तला ‘ब’ आणि जोडाक्षर सांगतात की ती हिंदीच्या मुलखातून आली. गॅसबत्ती, मेणबत्ती, उदबत्ती, दिवाबत्ती असे तिने बस्तान चांगलेच बसवले. आता बल्बमधली फिलामेंट पाहा. लॅटिन ‘फिलुम’ म्हणजे धागा, आणि टंगस्टनची ती तार स्प्रिंगसारखी वळलेली असते. वळलेला धागा म्हणजे वातच की! त्या अर्थाने हेडलाइटला बत्ती म्हणणारा शास्त्रशुद्ध बोलतो. हे भाग्य एलईडीला नाही.

हॅलोजन बल्बात ही वात टिकते ती आयोडीन-ब्रोमीनसारख्या वायूंमुळे. तारेवरून उडालेले टंगस्टन ते पुन्हा तारेवर आणून सोडतात. ‘हॅल्स’ म्हणजे ग्रीकमध्ये मीठ, लॅटिनमध्ये ‘साल’. ‘स’चा ‘ह’ होण्याची सवय इराणीलाही होती, नाहीतर सिंधूचे हिंदू कसे झाले असते? आणि शेवटचा ‘जन’ खरोखरच आपल्या ‘जन्’ धातूचा भाऊबंद आहे.

जुन्या गाडीचा उजेड मिणमिणता वाटतो, त्याचा दोष पुष्कळदा बल्बचा नसतोच. बारीक तारा आणि झिजलेला स्विच यांतून येताना बारातला एखादा व्होल्ट वाटेतच खर्च होतो, आणि तेवढ्यानेही उजेड सुमारे चौथाईने घटतो. अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब घालणे म्हणजे होल्डर वितळवण्याची तयारी. त्यापेक्षा रिले बसवावा. जुन्या फ्रेंचमध्ये ‘रले’ म्हणजे शिकारीच्या वाटेवर राखून ठेवलेली ताज्या दमाची कुत्री, पुढे घोडेही. आपली ‘डाक’ तीच: टप्प्याटप्प्यावर माणसे, घोडी बदलत जाण्याची सोय. टपाल आणि टप्पा यांचेही नाते असावे असे दिसते. तारायंत्रवाल्यांनी रिले हा शब्द विजेकडे आणला. दमलेला संदेश ठाण्यावर पोचला की तिथली नवी बॅटरी तो पुढे नेई. हेडलाइटच्या रिलेतही स्विचकडून फक्त हुकूम येतो, प्रवाह बॅटरीतून ताजा निघतो.

राहता राहिला डिप्पर. इंग्रजी ‘डिप’ म्हणजे बुडवणे, खाली करणे. खोल या अर्थाच्या ‘डीप’शी त्याचे नाते आहे. झोत खाली करणारा तो डिपर. आपल्याकडे ‘प’ला द्वित्व मिळाले आणि ‘अप्पर’ त्याच्या जोडीला बसला तो बहुधा यमकासाठीच. पण ‘डिप्पर मार’ म्हटल्यावर आज कोणी झोत खाली नेऊन ठेवत नाही. अंगठ्याने तो खालीवर उडवतो, ओव्हरटेकची सूचना म्हणून. लाजून खाली पाहणाऱ्या शब्दाने डोळे मिचकावायला कधी सुरुवात केली असावी? ट्रकवाल्यांच्या रात्रीच्या सांकेतिक भाषेत, असा माझा तर्क आहे.