रस्टमधील उसने संदर्भ आणि आयुर्मर्यादा

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत मूल्याची मालकी न घेता ते वापरू देणाऱ्या संदर्भास उसना संदर्भ म्हणतात. तो जितका काळ वैध असतो, त्या काळास आयुर्मर्यादा किंवा लाइफटाइम अशी संज्ञा आहे. विदा पडताळणीत मूळ मजकुराची प्रत न काढता त्याचे भाग तपासण्यासाठी या दोन्हींचा उपयोग होतो. रस्टची १.० ही आवृत्ती १५ मे २०१५ रोजी प्रसिद्ध झाली.

कार्यपद्धती

अर्जातील मजकूर एका स्ट्रिंगमध्ये साठवलेला असतो. पडताळणीचे फंक्शन तिचा संदर्भ घेते आणि नाव, पिनकोड इत्यादी वैध भागांचे संदर्भ एका स्ट्रक्टमध्ये भरून परत देते. अशा स्ट्रक्टच्या व्याख्येत आयुर्मर्यादेचे नाव लिहावे लागते. या नावामुळे मूल्याचे आयुष्य वाढत नाही. स्ट्रक्टचा वापर मूळ मजकुराच्या आयुष्यापलीकडे होऊ नये, एवढेच बंधन त्यातून व्यक्त होते. कंपायलर हे बंधन संकलनाच्या वेळीच तपासतो, त्यामुळे प्रोग्रॅम चालताना त्याचा वेगळा भार पडत नाही.

उदाहरण

भारतीय पिनकोड सहा अंकी असून त्याचा पहिला अंक शून्य नसतो. वर्धा शहराचा पिनकोड ४४२००१ हा यूटीएफ-८ संकेतनात देवनागरी अंकांत १८ बाइट व्यापतो, तर आंतरराष्ट्रीय अंकांत ६ बाइट. म्हणून केवळ बाइट मोजणारी तपासणी देवनागरीत भरलेला योग्य पिनकोड नाकारते. तेथे वर्ण मोजावे लागतात.

आंतरराष्ट्रीय अंकांतील पिनकोड जसाच्या तसा स्वीकारायचा असल्यास उसना संदर्भ पुरेसा होतो. देवनागरी अंकांचे रूपांतर करायचे असल्यास मात्र नवी स्ट्रिंग तयार होते. ती फंक्शनच्या अखेरीस नष्ट होत असल्याने तिचा संदर्भ परत देणारा प्रोग्रॅम कंपायलर नाकारतो. स्ट्रिंगची मालकीच परत द्यावी लागते. दोन्ही शक्यता एकाच प्रकारात सामावण्यासाठी प्रमाण लायब्ररीत ‘काउ’ हा प्रकार आहे. तो उसना संदर्भ किंवा मालकीचे मूल्य यांपैकी एक धारण करतो.

मर्यादा

त्रुटीच्या माहितीत चुकीच्या मजकुराचा उसना संदर्भ ठेवल्यास ती माहिती मूळ मजकूर नष्ट झाल्यानंतर वापरता येत नाही. नंतर नोंद करण्यासाठी तिची स्वतंत्र प्रत ठेवावी लागते. तसेच, आयुर्मर्यादेमुळे संदर्भाच्या वैधतेची हमी मिळते, मजकुराच्या सत्यतेची नव्हे. सहा अंकी असूनही अस्तित्वात नसलेला पिनकोड ओळखण्यासाठी टपाल खात्याच्या यादीशी पडताळणी आवश्यक असते.