कपाट बदललं, पुस्तकं तीच

२००६ सालच्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट आहे. आमचं गाव कृष्णाकाठचं. गावात एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. आदल्या वर्षीच्या, म्हणजे २००५ च्या महापुरात वाचनालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि ग्रंथांची दाखल नोंदवही भिजून तिचा लगदा झाला. कोणतं पुस्तक कधी आलं, केवढ्याला आलं, कोणी कोणाच्या स्मरणार्थ दिलं, हे सारं त्या वहीत होतं. तरीही ग्रंथपाल काका निश्चिंत होते. कारण त्याआधी तीन वर्षं, रोज वाचनालय बंद झाल्यावर दोन-दोन तास बसून, त्यांनी ती सगळी वही वरच्या मजल्यावरच्या संगणकात उतरवून ठेवली होती. नऊ हजारांवर नोंदी, सगळ्या मराठीत.

आणि जूनमध्ये एका रात्री वीज कडाडली ती तो संगणकच घेऊन गेली.

मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. लहानपणी याच वाचनालयात मी काकांच्या हातून पुस्तकं नेलेली. ते दुसऱ्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "तुझ्या विज्ञानाचा काही उपयोग होतो का बघ." दुरुस्ती करणाऱ्या मुलाने संगणक उघडून पाहिला. मदरबोर्ड जळला होता, पण हार्ड डिस्क शाबूत असावी असा त्याचा अंदाज होता. ती काढून दुसऱ्या संगणकात बसवू, असं तो म्हणाला.

"म्हणजे कपाट मोडलं, पण पुस्तकं वाचली. असंच ना?" काकांनी विचारलं.

मी 'हो' म्हणालो. ते उत्तर अर्धंच खरं होतं, हे मला पुढे कळलं.

एका यंत्रातली साठवण उचलून दुसऱ्या यंत्रात ठेवता येते, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. सुरुवातीला ती मुळीच साधी नव्हती. १९५६ साली आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' नावाचा संगणक बाजारात आणला. चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवणारं हे पहिलं व्यापारी यंत्र. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर फिरत. साठवण किती? ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तेवढी जागा सहज घेतो. कपाटाचं वजन टनाच्या वर. ते दुसऱ्या संगणकाला जोडायचा विचारही कोणी केला नसेल.

१९६२ मध्ये त्याच कंपनीने तबकड्यांचा सुटा संच काढला. सहा तबकड्या, वर प्लॅस्टिकचं झाकण, वजन साधारण साडेचार किलो आणि साठवण २० लाख अक्षरांची. तो संच धुलाई यंत्राएवढ्या पेटीत बसवायचा, काम झालं की उचलून मांडणीवर ठेवायचा. तबकड्यांवरची माहिती यंत्रापासून वेगळी झाली, तिला काखोटीला मारून नेता येऊ लागलं.

पण एक अडचण होती. तबकडीवरची माहिती वाचणारं जे शीर्ष असतं, ज्याला 'हेड' म्हणतात, ते पेटीतच राहायचं. एका पेटीचं हेड केसभर इकडे, दुसरीचं केसभर तिकडे असलं, की इथे लिहिलेलं तिथे वाचता यायचं नाही. शिवाय हेड तबकडीला न टेकता तिच्यावरून अगदी कमी अंतरावर तरंगत असतं. मध्ये धुळीचा कण आला तरी घात. म्हणून १९७३ साली आयबीएमने 'विंचेस्टर' या टोपणनावाने ओळखली गेलेली डिस्क आणली. तिच्यात तबकड्या आणि हेड दोन्ही एकाच बंद डब्यात होते. ज्या हाताने लिहिलं, तोच हात आता लिखाणाबरोबर प्रवास करू लागला.

१९८० मध्ये सीगेट कंपनीने सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची छोटी डिस्क काढली आणि हार्ड डिस्क टेबलावरच्या संगणकात आली. तरी गाडं पुन्हा अडलं. डिस्कला हुकूम देणारं नियंत्रक कार्ड संगणकात वेगळं बसवलेलं असायचं. एका कार्डाने आखलेली डिस्क दुसऱ्या कार्डाला पुष्कळदा उमगायचीच नाही. मग ती नव्याने आखून घ्यावी लागे, आणि नव्याने आखणं म्हणजे असलेलं पुसणं. यावर १९८६ च्या सुमारास उपाय निघाला. नियंत्रकच डिस्कच्या अंगावर बसवून टाकला. या पद्धतीला 'आयडीई' म्हणतात. चाळीस पिनांच्या चपट्या केबलने जोडायच्या त्या डिस्क पुष्कळांना आठवत असतील.

या इतिहासात एक सूत्र दिसतं. आधी तबकड्या सुट्या झाल्या, मग हेड त्यांच्याबरोबर आलं, मग नियंत्रकही आला. म्हणजे वाचण्यासाठी जे जे लागतं, ते एकेक करून डिस्कच्या पदरात बांधलं गेलं. म्हणूनच २००६ साली आमच्या गावात हे काम एका संध्याकाळी होऊ शकलं.

त्या मुलाने आधी संगणकाच्या लोखंडी सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. जुन्या डिस्कच्या पाठीमागची जंपर नावाची चिमुकली टोपी चिमट्याने काढून त्याने दुसऱ्या पिनांवर बसवली. एकाच केबलवर दोन डिस्क असल्या, की एकीला 'मास्टर' आणि दुसरीला 'स्लेव्ह' ठरवावं लागे. मी म्हटलं, "याच डिस्कवरून संगणक सुरू करून बघू या का?" तो म्हणाला, "नको सर. तिच्यावरचं विंडोज जुन्या मदरबोर्डाला सरावलंय. इथं गोंधळ घालेल. पाहुणी म्हणूनच जोडू." त्याचं बरोबर होतं. संगणक सुरू झाला, पडद्यावर दोन डिस्क दिसल्या. सगळ्या फायली आधी नव्या डिस्कवर आणि मग दोन सीडींवर उतरवल्या. काकांनी दोन्ही हात जोडले.

मग नोंदींची फाइल उघडली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. डोक्यावर टिंबं दिलेली रोमन अक्षरं, पौंडाची चिन्हं, मधूनच चौकोन. काका खुर्चीत बसले. म्हणाले, "पाण्यानं वही नेली, ती निदान गेलेली दिसली तरी. हे आहे, पण नाही."

झालं होतं ते असं. त्या काळी आपल्याकडे बहुतेक मराठी मजकूर ज्या त्या फाँटच्या भरवशावर लिहिला जाई. डिस्कवर 'क' साठवलेला नसायचाच. साठवलेला असायचा एक रोमन अक्षराचा क्रमांक, आणि तो 'क' सारखा दाखवायचं काम फाँट करायचा. फाँट नसेल तर तोच क्रमांक भलतंच अक्षर दाखवणार. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ पासून होतं, पण छपाईच्या धंद्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी.

तबकड्या, हेड, नियंत्रक, सारं डिस्कबरोबर आलं होतं. अक्षरांचा अर्थ मात्र जुन्या संगणकावरच्या विंडोजच्या फोल्डरमध्ये मागे राहिला होता. आमचं नशीब एवढंच की ते फोल्डरही त्याच डिस्कवर होतं. त्या मुलाने फाँटची फाइल शोधून नव्या संगणकात घातली, फाइल पुन्हा उघडली आणि पहिली ओळ मराठीत उमटली. काकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल आजही जपून ठेवलेले आहेत. तो कागद टिकला, शाई टिकली, पण मोडी वाचणारे थोडे उरले. जपलं ते नुसतं जपून भागत नाही, ते वाचायचं कसं हेही जपावं लागतं.

पुढे आम्ही त्या सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्या. त्यात 'क' चा क्रमांक २३२५, मग संगणक कोणाचाही असो. देवनागरीला तिथे १९९१ पासूनच जागा आहे. हा सगळ्यांनी मिळून केलेला करार आहे, म्हणून त्याचा भरवसा.

आज चाकं थोडी उलटी फिरताहेत. कित्येक लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डालाच डाख देऊन बसवलेली असते, ती सुटी होत नाही. जिथे सुटी होते, तिथेही माहिती पुष्कळदा कुलूपबंद असते आणि किल्ली मदरबोर्डावरच्या चिपमध्ये राहते. दुसऱ्या संगणकात डिस्क घातली, की विंडोज ४८ अंकी क्रमांक विचारतं. चोरापासून संरक्षण म्हणून हे योग्यच आहे. पण तो क्रमांक कुठे लिहून ठेवलाय, हे घरातल्या किती जणांना ठाऊक असतं? वीज सांगून पडत नाही.

काकांनी नोंदींची छापील प्रत काढून बांधून घेतली. जुनी डिस्क भंगारात द्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. ती कापडात गुंडाळून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवली आणि वर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर डिस्कमध्ये काय आहे हे एका ओळीत होतं. ती कशी जोडायची, कोणत्या प्रोग्रामात उघडायची आणि कोणता फाँट लागेल, यासाठी पुढच्या तीन ओळी होत्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)