रेशीम, सुतळी आणि स्पर्शाने जाणारा प्रभार

वाराणसीच्या पंचगंगा घाटावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे. आपल्याकडे पूजेला बसताना सोवळे म्हणून रेशमी वस्त्र नेसत, कारण रेशमाला विटाळ लागत नाही अशी समजूत. याच रेशमाने १७२९ मध्ये इंग्लंडात विद्युतशास्त्राला वळण दिले. (दोन्हींचा संबंध काही नाही, पण लक्षात ठेवायला सोयीचे.)

स्टीफन ग्रे हा व्यवसायाने रंगारी. घासलेली काचनळी पीस ओढते, हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. ग्रेला दिसले की नळीच्या तोंडात बसवलेले बूचही पीस ओढते. बूच तर कोणी घासले नव्हते, ते काचेला नुसते टेकले होते! मग त्याने बुचाला काठी, पुढे सुतळी आणि टोकाला हस्तिदंती गोळी जोडली. गोळीही ओढू लागली. सुतळी आडवी न्यायची तर ती टांगायला हवी. सुतळीच्याच फासांनी टांगली, तर प्रभार तुळईत निघून जाई. ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राने रेशमी दोरे सुचवले आणि प्रयोग साधला. पुढे वजनाने रेशीम तुटले, म्हणून पितळेची बारीक तार लावली, तर गोळी निष्प्रभ! म्हणजे महत्त्व दोऱ्याच्या बारीकपणाला नव्हते, पदार्थाला होते. सुवाहक आणि दुर्वाहक हा भेद इथून आला.

१७३३ मध्ये फ्रान्समध्ये द्युफे याने पाहिले की सोन्याचा वर्ख काचनळीकडे झेपावतो, तिला शिवतो आणि लगेच दूर पळतो. स्पर्शात नळीचाच प्रभार त्याला मिळालेला असतो. त्याच वर्खाला घासलेली राळ मात्र ओढून घेते. प्रभार दोन प्रकारचे, हा निष्कर्ष त्याने यावरून काढला.

परीक्षेत 'घर्षणाने वीज निर्माण होते' असे लिहू नका. प्रभार निर्माण होत नाही, एका वस्तूवरून दुसरीवर जातो. आणि त्यासाठी स्पर्श पुरतो. घासल्याने प्रत्यक्ष टेकणारे बिंदू वाढतात, एवढेच घर्षणाचे मुख्य काम. धातूंमध्ये इलेक्ट्रॉन सरकतात, हे पक्के आहे. दोन दुर्वाहकांत इलेक्ट्रॉन जातात, आयन जातात की पदार्थाचे सूक्ष्म कण, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही.

काचेची कांडी रेशमावर घासून पाहायची असेल, तर कोरड्या थंडीत पाहा. पावसाळ्यात काचेवर ओलाव्याचा थर बसतो आणि प्रभार त्यातून निसटतो.