काळ्या पडद्यावरची मराठी

बदलापूरजवळच्या खरवईत राहणारा एखादा माणूस लोकलची वाट पाहता पाहता मोबाइलवर मराठीत निरोप लिहितो आणि पलीकडचा माणूस तो तसाच्या तसा वाचतो. यात आता कुणाला नवल वाटत नाही. परंतु संगणकावर मराठी वाक्य उमटवणं, ते साठवणं आणि दुसऱ्या संगणकावर नीट उघडणं, या तीन साध्या गोष्टींसाठी जवळजवळ २० वर्षं खटपट करावी लागली. त्या खटपटीचा मोठा भाग आपल्या पुण्या-मुंबईत झाला आणि त्याची सुरुवात एका काळ्या पडद्यावर झाली.

ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणकाचा क्लास लावला होता, त्यांना तो पडदा आठवत असेल. चपला बाहेर काढून वातानुकूलित खोलीत शिरायचं. संगणक सुरू झाला की काळ्या पडद्यावर ‘सी’ हे अक्षर आणि त्यापुढे लुकलुकणारी एक रेघ दिसायची. चित्र नाही, माउस नाही. ‘डीआयआर’ टंकित केलं तर फायलींची यादी मिळे. एक अक्षर चुकलं की यंत्र कोरडेपणानं सांगे, ‘आज्ञा चुकीची आहे’. ही डॉस नावाची कार्यप्रणाली. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा सिएटलच्या एका लहान कंपनीकडून मूळ प्रणाली विकत घेऊन मायक्रोसॉफ्टनं ती त्याच्यासाठी पुरवली होती.

डॉसचा संसार आटोपशीर होता. फायलीचं नाव आठ अक्षरांचं, त्यापुढे टिंब आणि आणखी तीन अक्षरं. स्मृती ६४० किलोबाइट. एका वेळी एकच काम. पडद्यावर २५ ओळी, प्रत्येक ओळीत ८० घरं, म्हणजे एकूण २,००० घरं. प्रत्येक घरात एक अक्षर बसणार. कोणत्या क्रमांकाला कोणतं अक्षर काढायचं, हे पडदा चालवणाऱ्या कार्डात कायमचं कोरलेलं असे आणि अशा आकृत्या होत्या २५६. इंग्रजीची २६ अक्षरं, लहान आणि मोठी, आकडे आणि विरामचिन्हं त्यात आरामात बसत आणि वर जागा उरे.

सामान्य माणसाला आज्ञा पाठ करायला लावू नयेत, असं वाटणारे लोक तेव्हाही होते. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ सालीच खिडक्या आणि माउस असलेला संगणक तयार झाला होता. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला. पण ज्यांच्या टेबलावर डॉसचा संगणक होता, त्यांचं काय? त्यांच्यासाठी डॉस तसाच ठेवून त्याच्यावर एक चित्रमय कवच चढवण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९८३ च्या अखेरीस ‘व्हिजि ऑन’ आलं, १९८५ मध्ये ‘जेम’ आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचं पहिलं ‘विंडोज’ आलं. या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या एकमेकींवर चढू शकत नसत. फरशा बसवाव्यात तशा त्या शेजारी शेजारी मांडलेल्या असत.

अशा कवचाला बरंच काही करावं लागतं. खालची कार्यप्रणाली फक्त अक्षरं जाणते, म्हणून पडद्यावरचा प्रत्येक ठिपका या कवचानं स्वतः रंगवायचा. माउस कुठे सरकला याचा माग ठेवायचा. एका वेळी एकच काम करणाऱ्या डॉसकडून अनेक कामं एकदम चालल्यासारखी दाखवायची, आणि हे सगळं त्या तुटपुंज्या स्मृतीत. सुरुवातीची कवचं त्यामुळेच रखडत चालली. १९९० च्या मे महिन्यात विंडोजची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा कुठे लोकांनी ती मनापासून वापरायला घेतली.

आता आपल्याकडे वळू. इंग्रजी माणसाला कवच हवं होतं ते सोयीसाठी. आपल्याला ते हवं होतं ते लिपीसाठी. कारण त्या २,००० घरांत देवनागरी बसत नाही. ‘स्त्री’ हा एकच शब्द घ्या. उच्चाराच्या हिशेबानं त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा घटक आहेत. डोळ्यांना मात्र एकच जोडाक्षर दिसतं. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी उच्चारात क नंतर येते, पण कागदावर ती क च्या आधी उभी राहते. एक खूण, एक घर हा डॉसचा नियम इथे मोडून पडतो.

यावरचा तोडगा कानपूरच्या आयआयटीत आकाराला येऊ लागला. प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला देवनागरी टर्मिनल तयार केलं. १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि हे काम मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यात आलं. सी-डॅकचं नाव आपण ‘परम’ महासंगणकामुळे घेतो. पण सरकारी कार्यालयांतल्या साध्या कारकुनापर्यंत ही संस्था पोचली ती ‘जिस्ट’ या कार्डामुळे.

जिस्टचं कार्ड संगणकाच्या पोटात खाचेत बसवायचं. संगणकात मजकूर साठवला जाई तो उच्चाराच्या क्रमानं, एकेका वर्णाला एकेक संकेत देऊन. तो पडद्याकडे निघाला की कार्ड मधेच त्याला गाठी, जोडाक्षरं जुळवी, वेलांटी आपल्या जागी नेई आणि मगच आकृती काढी. डॉसला याचा पत्ताच नसे. डीबेस किंवा वर्डस्टार यांसारखी इंग्रजीसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर काहीही बदल न करता मराठीत चालू लागली. अर्थानं पाहिलं तर हेही डॉसवर चढवलेलं कवचच होतं.

त्यामागचा विचार खोल होता. भारतीय लिपी दिसायला वेगळ्या असल्या तरी त्यांची वर्णमाला एकाच घडणीची आहे. म्हणून मराठी ‘क’, बंगाली ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांना एकच संकेत द्यायचा, असं ठरलं. ही ‘इस्की’ नावाची पद्धत १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्या जोडीला १९८६ मध्ये प्रमाणित झालेला ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक होता. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. संकेतही वर्णमालेच्या क्रमानं असल्यामुळे नावांची यादी जवळजवळ आपोआप अकारविल्हे लागे.

आणि नेमकं याच वेळी विंडोजनं बाजार काबीज केला. इथे आपल्या गोष्टीला विचित्र वळण मिळालं. विंडोज स्वतःच ठिपके रंगवत असल्यामुळे जिस्ट कार्डाला मधे अडवायला मजकूरच उरला नाही. विंडोजला देवनागरीची जुळणी येत नव्हती, पण सुबक फाँट मात्र ते वापरू देत होतं. मग छपाईवाल्यांनी आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी सोपी वाट धरली. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. अर्धा म एका जागी, काना दुसऱ्या जागी, वेलांटी तिसऱ्या जागी. टंकलेखन यंत्रावर बोटं तयार झालेल्या मंडळींना ही रीत ओळखीचीच होती.

पडद्यावर आणि कागदावर मराठी देखणी दिसू लागली. लग्नपत्रिकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळं पालटलं. या फाँटनी मराठी छपाईची मोठी सेवा केली, हे मान्य केलंच पाहिजे. पण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. तो होता निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग, मराठीचा सदरा घातलेला. प्रत्येक कंपनीनं तुकडे आपापल्या जागी ठेवले. त्यामुळे एका कार्यालयातली फाइल दुसऱ्या कार्यालयात उघडली की सदरा गळून पडे आणि पडद्यावर चित्रविचित्र खुणा उमटत. शोध घेता येईना, यादी अकारविल्हे लावता येईना. काळ्या पडद्यावर जे साधलं होतं, ते रंगीत पडद्यावर हातचं गेलं.

ते परत मिळालं युनिकोडमुळे. जगातल्या सर्व लिपींना वेगवेगळे संकेत देणाऱ्या या पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. २००० सालच्या विंडोजमध्ये देवनागरीची जुळणी खुद्द कार्यप्रणालीनं करायला सुरुवात केली. तिच्यासाठी ‘मंगल’ हा फाँट घडवला मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत काम करणाऱ्या सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. तरी सगळं लगेच सुरळीत झालं नाही. पुढच्या विंडोज एक्सपीमध्येही ही सोय अनेकांना सीडी घालून मुद्दाम सुरू करावी लागे. ‘ॲप’ मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती तर २००८ मध्ये.

आज डॉस गेला, जिस्टचं कार्ड गेलं. पण त्या कार्डामागचा विवेक टिकला: साठवायची ती भाषा, आणि रूप द्यायचं ते दाखवताना. मात्र मधल्या वर्षांत तुकड्यांच्या फाँटमध्ये लिहिलेलं बरंच काही अजून तसंच पडून आहे. संस्थांची इतिवृत्तं, गावांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांची हस्तलिखितं, कुणाच्या वडिलांच्या आठवणी. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तकं उपलब्ध आहेत. पण मूळ फाँट कोणता होता, हे सांगणारं माणूस जवळ असेल तर काम सोपं होतं. आपल्या घरात किंवा संस्थेत अशी जुनी सीडी असेल, तर ती कुणी आणि कशात टंकित केली होती, एवढं तरी आजच विचारून तिच्यावर लिहून ठेवावं.