निर्वात पंप, तेलबंद

बंद नळीतली किंवा भांड्यातली हवा आणि वाफ खेचून बाहेर टाकणारा पंप. आतल्या फिरत्या भागांमधल्या बारीक फटी तेलाच्या थराने बुजतात, म्हणून तो ‘तेलबंद’. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि औषध कारखान्यांत तो असतोच. पण रायगडच्या किनाऱ्यावर, मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत, लोकांच्या ओळखीचा पंप म्हणजे एसी-फ्रीजच्या मेकॅनिकचा. गॅस भरण्याआधी तांब्याची नळी रिकामी करण्याला तो ‘व्हॅक्यूम मारणे’ म्हणतो.

ओटो फॉन गेरिके या जर्मन संशोधकाने सतराव्या शतकाच्या मध्यास पहिला हवापंप बनवला. आजच्या पंपात दंडगोल पोकळीत एका बाजूला सरकवून बसवलेला रोटर फिरतो. त्याच्या खाचांतली पाती भिंतीला घासत हवा पकडतात, दाबतात आणि झडपेतून बाहेर ढकलतात. तेल फटी बुजवते, घर्षण कमी करते आणि उष्णताही वाहून नेते. असे दोन टप्पे जोडले की दाब वातावरणाच्या लाखाव्या हिश्श्याच्याही खाली जातो.

या किनाऱ्यावर पंपाचा खरा शत्रू हवा नसून पाणी आहे. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलैत उघडी राहिलेली नळी आतून दमट होते. ३० अंश सेल्सिअसला पाणी उकळायचे, तर दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो. पुढे पाऱ्याच्या एका मिलिमीटर दाबाला अवघ्या एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे हजार लिटर जागा व्यापते. एवढी वाफ पंपाला ओढायची असते. घाई केली की पाणी नळीतच राहते, तिथे आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते.

ही वाफ पंपात दाबली जाताना झडप उघडण्याआधीच तिचे पाणी होते आणि तेल दुधाळ होते. त्यावर वुल्फगांग गेडे यांनी १९३५ साली उपाय शोधला, तो गॅस बॅलास्ट. एका छोट्या झडपेतून दाबल्या जाणाऱ्या हवेत थोडी बाहेरची हवा सोडायची. त्यामुळे बाहेरची झडप लवकर उघडते आणि वाफ पाणी होण्याआधीच निघून जाते. कोकणच्या पावसाळ्यात पंपावरची ही छोटी झडप सगळ्यात मोलाची, आणि दुर्दैवाने सगळ्यात दुर्लक्षित.

सुरू करण्यापूर्वी काचेतून तेल पाहावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये आणि रंग स्वच्छ हवा. हवा बाहेर पडण्याच्या तोंडावरचे झाकण काढावे. थ्री-फेज मोटर असेल तर फिरण्याची दिशा तपासावी. अर्थिंगची वायर जोडलेली असावी. ओल्या फरशीवर याला पर्याय नाही. आत येणारे तोंड बंद आणि बॅलास्ट उघडा ठेवून पंप गरम होऊ द्यावा; प्रयोगशाळेतल्या मोठ्या पंपाला त्यासाठी वीसेक मिनिटे लागतात. मग नळीची झडप हळूहळू उघडावी. एकदम उघडली तर हवेचा लोंढा तेलाचा धूर उडवतो. बहुतांश वाफ निघाली की बॅलास्ट बंद करून शेवटचा दाब गाठावा.

गोल डायलचा काटा टोकाला टेकला म्हणून काम झाले असे होत नाही; त्या पट्टीवर शेवटचा फरक दिसतच नाही. मायक्रॉन गेजवर ५०० मायक्रॉन, म्हणजे पाऱ्याचा अर्धा मिलिमीटर, दिसल्यावर झडप बंद करून थांबावे. दाब थोडा चढून स्थिरावला तर ओल बाकी आहे. चढतच राहिला तर गळती आहे.

थांबवताना क्रम मोडू नये: आधी नळीची झडप बंद, मग स्विच, मग पंपात हवा. क्रम चुकला किंवा मध्येच वीज गेली, तर पोकळी पंपातले तेल नळीत ओढू शकते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर इथल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. साध्या पावसातही ती जातेच. म्हणून तेल उलटे जाऊ न देणारी झडप असलेला पंप इथे घेतलेला बरा, आणि नसेल तर पंपाजवळून हलू नये.

दोन धोके जिवावरचे आहेत. खनिज तेल भरलेल्या पंपाने ऑक्सिजन कधीही ओढू नये. स्फोट होऊ शकतो. एसी-फ्रीजमधले आर-३२ किंवा आर-२९० हे गॅस पेट घेतात, तेव्हा भरलेली नळी पंपाने रिकामी करू नये, खोली बंद ठेवू नये आणि स्विच दूर असावा. बाहेर पडणारा तेलाचा धूर श्वासात जाऊ नये म्हणून नळीने तो उघड्यावर सोडावा. चालता पंप चटका बसण्याइतका तापतो.

दुधाळ किंवा काळे तेल पंप गरम असतानाच काढावे, म्हणजे गाळ त्याबरोबर वाहून जातो. पावसाळाभर पंप बंद राहणार असेल, तर जुने तेल काढून, नवे भरून, थोडा वेळ चालवून, दोन्ही तोंडांना झाकणे लावूनच तो ठेवावा.